बिनविजेच्या मैफलीत इलेक्ट्रिक गिटार: एक लेखी आभारप्रदर्शन

अध्यक्ष महोदय, मान्यवर, आणि अजून जागेवर असलेल्या बंधू-भगिनींनो,

(उठू नका. दोनच मिनिटं. हे मी बावीस वर्षं म्हणत आलो आणि बावीस वर्षं त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून या खेपेला लेखी आभार मानतो आहे. ऐकणारा उठून गेला की मला समोर दिसतं. वाचणारा उठून गेला तर निदान मला दिसत नाही.)

मी कळंबच्या शाळेत कारकून. नाव भगवंत, पण गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. गावात कार्यक्रम कसलाही असो, प्रास्ताविक हेडमास्तर करतात, सूत्रसंचालन चित्रकलेचे सर करतात आणि आभार मी मानतो. हे कुणी ठरवलं ते कुठल्याही इतिवृत्तात सापडत नाही. मी शोधलं आहे. १९८४च्या स्नेहसंमेलनात आभार मानणारे गुरुजी एसटी चुकेल म्हणून आधीच निघाले आणि कुणीतरी पाठीला हात लावून मला पुढं ढकललं. तो हात अजून पाठीवरच आहे.

आभारप्रदर्शन ही काय गोष्ट आहे ते करणाऱ्यालाच कळतं. "आता आभारप्रदर्शन" एवढं उच्चारलं की माणसं चपला शोधायला लागतात, पोरांना हाका मारतात, राहिलेलं बोलणं उभ्यानं पुरं करतात. एकदा मी मांडववाल्याचे आभार मानत असताना त्याच्याच माणसांनी माझ्या पायाखालची सतरंजी गुंडाळायला घेतली. मी आधी डावा पाय उचलला, मग उजवा. भाषण थांबवलं नाही. २००१ साली मी एक प्रयोग करून पाहिला. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या एका देणगीदारांनी आज जातीनं पाणीवाटप केलं, असं सांगून त्यांचे आभार मानले. कुणालाही काही खटकलं नाही. त्यांचा मुलगा समोरच होता. त्यानं उठता उठता टाळी वाजवली.

मला पुरस्कार नको होता. आयुष्यात एकदा मी पुढं असावं, माणसांनी जागेवर बसावं आणि संपेपर्यंत ऐकावं, एवढंच हवं होतं. पुढचं सगळं रामायण एवढ्यासाठीच झालं.

*

सर्वप्रथम आभार भारनियमनाचे.

साल २००५-०६. दिवसातले दहा-बारा तास वीज नसायची आणि त्याचं वेळापत्रक मात्र छापील असायचं. रविवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ अंधार. टीव्ही बंद, पंखा बंद, माणसं ओट्यावर बसून एकमेकांकडे संशयानं बघायची. अशात आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष भागुजी नाना यांच्या डोक्यात एक कल्पना आली. नाना पोस्टातून निवृत्त झालेले. पत्त्यावर पिनकोड नसलेलं पत्र त्यांनी उभ्या नोकरीत हळहळतच पोचवलं. नियमाचा माणूस. ते म्हणाले, "लाइट न्हाई तर न्हाई. गळं हायेत ना? त्ये तरी चालू करू." आणि वाचनालयाच्या दारावर पुठ्ठा लागला:

बिनविजेची मैफल
दर महिन्याचा शेवटचा रविवार, सायं. ६ वा.
कुणीही या, काहीही सादर करा. माईक नाही. भोंगा नाही. करंट नाही.
अध्यक्षीय भाषण रद्द. सत्कार रद्द. प्रत्येकी सात मिनिटं.
शेवटी आभारप्रदर्शन: भाऊसाहेब

अध्यक्षीय भाषणसुद्धा रद्द झालं. आभारप्रदर्शन राहिलं.

मैफल मात्र रंगायला लागली. कुणी गवळण म्हणायचं, कुणी शाहिरी, कुणी तोंडानं एसटीचे गिअर काढून दाखवायचं. शेवटी मी उभा राहायचो, आणि सभा खाली वाकून काडी पेटवून चपला शोधायची. तेवढ्या उजेडात मला फक्त पाठी दिसायच्या.

*

आभार कुशाबांचे. (यांचे पुढं आणखी दोनदा मानायचे आहेत. आता थोडक्यात.)

कुशाबा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. बारा एकर ऊस, एक ट्रॅक्टर, आणि प्रत्येक गोष्टीवर एक सल्ला. नोव्हेंबरच्या मैफलीनंतर ते घरी जाताना म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी साऱ्या गावाचं आभार मानता. एकदा असं कायतरी करून दावा की गाव तुमचं मानंल."

त्यांनी सहज म्हटलं असेल. मला जेवण गेलं नाही.

काय करावं? पेटी वाजवावी तर गावात चार पेटीवाले, चूक लगेच पकडणार. पखवाज वाजवावा तर नऊजण. गाण्याबद्दल आमच्या हिचं मत लग्नाच्या पहिल्याच वर्षी स्पष्ट झालं होतं. तेव्हा असं वाद्य हवं, जे गावात कुणालाच येत नाही. म्हणजे चुकलं तरी कळणार नाही. मी कारकून आहे. पळवाट आधी आणि वाट नंतर, ही आमची कामाची पद्धत.

नारायणगावात संघर्ष नावाचा तरुण ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा मोडला, तो मोबाइलच्या दुकानात लागला आणि गिटार विकायला काढली, असं कानावर आलं. मी गेलो. लालभडक, चपटी, टोकाला दोन शिंगं असलेली वस्तू त्यानं कपाटावरून काढली. तिची पिन एका खोक्यात खोचली आणि एक तार छेडली. मांडणीवरच्या पातेल्यांनी साथ दिली. शेजारच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं. मला वाटलं, हा आवाज ऐकू येत नाही असं म्हणायची कुणाची बिशाद आहे!

"भाऊसाहेब, ही करंटवर चालती बरं का," संघर्ष म्हणाला.

मी मान हलवली. माझी समजूत अशी, की करंट हा मोठेपणासाठी असतो. माणूस जसा माईकशिवायही बोलतो, तशी गिटारही करंटशिवाय वाजत असेलच, थोडी बेतानं. ही समजूत माझी एकट्याची नव्हती. पुढं गावातल्या सतरा माणसांना विचारलं. सतराही जणांची हीच होती.

येताना एसटीत कंडक्टरनं गिटारीच्या पिशवीकडं बघून विचारलं, "काय हाय?"

"वाद्य आहे."

"औषध फवारायचा पंप न्हाई ना? त्याला लगेज लागतं."

"वाद्य आहे हो."

"मंग वाजवून दावा."

मी पिशवी सोडली, तार छेडली. कंडक्टरनं कान पुढं केला. मी पुन्हा छेडली. गाडीचं इंजिन, खिडक्यांच्या काचा आणि मागच्या सीटवरची करडं यांच्यापुढं तिचा काही निभाव लागला नाही. "ह्ये वाद्य न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि लगेजचं तिकीट फाडलं.

खरं तर तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

घरी पोचलो तेव्हा वीज नव्हती. मी पलंगावर बसलो, गिटार मांडीवर घेतली आणि मनापासून वाजवायला लागलो. स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, "आणली का गिटार?"

"वाजवतोय की!"

ही दारात आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं तुम्ही नखं कापताय."

*

(इथं माझ्या रियाजाचं वर्णन करणारा एक लांब परिच्छेद होता. तो हिनं काढायला लावला. त्यात तिच्या माहेरच्यांचा उल्लेख होता.)

सारांश इतकाच. दर शनिवारी दुपारी नारायणगावला जाऊन संघर्षकडून शिकलो. त्यानं स्वतः बसवलेली एक धून होती, बरोबर सात मिनिटांची. डिसेंबर ते एप्रिल तेवढी एकच घोटली. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "शेती घेतली की काय?"

धून जमली. आता तिला आवाज हवा होता. आणि मैफलीला तर वीज नव्हती. वीज असती तर मैफलच नसती.

*

आभार सल्लागारांचे.

अडचण भिंतीपलीकडं गेली आणि सल्ले यायला लागले. कुणी म्हणालं, इन्व्हर्टर घ्या. कुणी म्हणालं, गिटारीच्या पोटाला भोक पाडा, आवाज आतच अडकलाय. एका शिक्षकानं तिच्यावर पातेलं पालथं घालून वाजवायला सांगितलं. तेही मी करून पाहिलं, कारण सल्ला वाया गेलेला सांगणाऱ्याला कळतो. शेवटी कुशाबा भिंतीवरून वाकले.

"भाऊसाहेब, तुमचं हातपाय उगंच गळालं राव. अमृतचं मशीन बॅटरीवर चालतंय का न्हाई?"

अमृत आमचा लाऊडस्पीकरवाला. रिक्षावर भोंगा बांधून तो गावभर पुकारा करतो: पाणी दोन दिवस येणार नाही, रेशनचं रॉकेल आलं आहे, अमक्याची शेळी हरवली आहे. त्याचा ॲम्प्लिफायर खरंच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. फक्त त्याची बॅटरी पाणी घालून घालून मेली होती.

"बॅटरी माझ्या ट्रॅक्टरची," कुशाबा म्हणाले. "मशीन अमृतचं, भोंगा अमृतचा. बोटं तेवढी तुमची."

इतका सरळ उपाय आहे म्हटल्यावर मी कारकुनाला शोभेल असं केलं. अर्ज लिहिला.

प्रति,
मा. अध्यक्ष, सार्वजनिक वाचनालय.
विषय: बिनविजेच्या मैफलीत विजेचे वाद्य वाजवण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की...

भागुजी नानांनी फक्त विषय वाचला. चष्मा काढला.

"भाऊसाहेब, उपासाच्या दिशी मटणाची परवानगी मागताय तुमी."

"नाना, बॅटरी आहे. वीज नाही."

"मंग बॅटरीत काय दूध असतंय का?"

प्रकरण समितीपुढं गेलं. इतिवृत्त मीच लिहिलं होतं, म्हणून त्याची नक्कल देऊ शकतो:

ठराव क्र. ४. ट्रॅक्टरच्या बॅटरीतला करंट ही वीज समजावी किंवा कसे, यावर मतभेद झाले. सभासद श्री. अमृत यांनी बॅटरी आणून टेबलावर ठेवली. उपस्थित पाचही सभासदांनी दोन्ही टोकांना हात लावून पाहिला. कुणासही झटका बसला नाही. सबब ती वीज नव्हे, असे चार विरुद्ध एक मतांनी ठरले. (विरोधी मत: अध्यक्ष.) मात्र भोंग्यामुळे श्रोते उठून गेल्यास अर्जदारास यापुढे आभारप्रदर्शनाखेरीज कोणतीही संधी देऊ नये, ही अध्यक्षांची सूचना सर्वानुमते मंजूर झाली. चहा झाला.

शेवटचं वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. चहाचं नव्हे, त्याच्या आधीचं. माझ्याच हस्ताक्षरात माझी जन्मठेप लिहिली होती.

पुढं भोंग्याच्या परवान्यासाठी तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं मला तीनदा परत पाठवलं आणि तिन्ही वेळा मला त्याचं कौतुक वाटलं. काम माहीत असलेला माणूस होता. फॉर्मवर रकाने होते: लग्न, यात्रा, सप्ताह, प्रचार.

"किती जणांचा कार्यक्रम?"

"मी एकटाच वाजवणार."

"मग भोंगा कशाला? शेजाऱ्याला हाक मारायची."

शेवटी त्यानं 'यात्रा' वर खूण केली आणि 'देवाचं नाव' या रकान्यात जागा राहू नये म्हणून माझंच नाव लिहिलं. भगवंत. कुणी हरकत घेतली नाही.

*

एप्रिलचा शेवटचा रविवार.

आता हळूहळू सांगतो. इथपर्यंत बसला आहात, तर एवढं बसा.

पावणेसहाला कुशाबा ट्रॅक्टर घेऊन आले. पण एकटा ट्रॅक्टर नव्हे. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. हंगामाचे शेवटचे दिवस, त्यांच्या उसाला नेमकी त्या सकाळी तोड आली होती आणि माल पारगावच्या कारखान्यावर निघाला होता. तोडलेला ऊस उन्हात जेवढा थांबेल तेवढा वाळतो, वजन घटतं. म्हणून ऊस भरला की माणूस सासऱ्यालाही रस्त्यात भेटत नाही. तरी कुशाबा आले होते. हे त्यांचे दुसरे आभार, आणि हे मनापासूनचे.

"सात मिनटं म्हनला व्हता ना? वाजवा बिगीबिगी. माझा नंबर लागायचाय."

"कुशाबा, माझा नंबर चौथा आहे."

"चौथा?" त्यांनी ट्रॉलीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "आधी सत्कार तरी उरकून घ्या मंग."

सत्कार रद्द आहेत, हे पुठ्ठ्यावर होतं. पण ज्याची बॅटरी, त्याला टॉवेल-टोपी नको? ही सकाळीच म्हणाली होती की नको म्हणत असतील तरी पिशवीत असू द्या. नाना मान फिरवून बसले आणि मी कुशाबांना टोपी घातली. मग अमृतचा चेहरा पडला; त्यालाही घातली. मग ट्रॉलीवर बसून आलेल्या कुशाबांच्या मेव्हण्याचा. टॉवेल दोनच होते. मेव्हण्याला मी माझा रुमाल दिला.

तोवर ट्रॉली आयती दारात आहे म्हटल्यावर सभेनं ऊस ओढायला सुरुवात केली होती. साठएक माणसं मांडी घालून ऊस सोलत, चावत, चोथा बाजूला टाकत बसली. ऊस खाणाऱ्या सभेचा एक आवाज असतो. गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं.

पहिली ओवी नेहमीप्रमाणे सारजाबाईंची. सारजाबाई ऐंशीच्या घरात, वाचनालयाच्या मागंच राहतात. डोळ्यांनी अंधुक दिसतं, म्हणून अगदी पुढं, वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतात. त्या झाल्या. मग गवळण झाली. मग एसटीचे गिअर झाले. मग नाना घसा साफ करून म्हणाले, "आता भाऊसाहेब. ठराव क्रमांक चार परमानं."

मी खुर्चीवर बसलो. साठ माणसं. बसलेली. माझ्याकडं बघणारी. अजून काहीच केलं नव्हतं तरी मी त्यांना एकदा मोजून घेतलं.

अमृतनं भोंगा वाचनालयाच्या छपरावर गावाकडं तोंड करून बांधला होता. समोर का नाही? तर भोंगा छपरावरच असतो. त्यानं गिटारीची पिन मशीनमध्ये खोचली, माईक तोंडाशी धरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "हॅलो, हॅलो."

मी पहिली तार छेडली.

आवाज गावावरून गेला तो थेट हायवेपर्यंत. कबुतरं उडाली. आणि सभा एका झटक्यात उभी राहिली.

"रॉकेल आलं!"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अमृतच्या भोंग्यातून आधी "हॅलो हॅलो", मग कसलीतरी सुरावट (ती फक्त रॉकेललाच) आणि मग रॉकेलची बातमी, हा क्रम गावाच्या कानात पक्का बसला होता. बातमी ऐकायला थांबणारा रांगेत मागं पडायचा. म्हणून गाव सुरावटीलाच उठायचं. भारनियमनाच्या दिवसांत रॉकेलपुढं कुणाचं काय चालणार? ऊस टाकून माणसं पळाली. घराघरांतून कॅनचे खडखडाट ऐकू यायला लागले. मी "बसा, बसा, गिटार आहे!" म्हणून ओरडलो. आवाज पुरेना म्हणून अमृतच्या हातातला माईक घेऊन ओरडलो. भोंग्यातून आणखी काहीतरी घोषणा होते आहे म्हटल्यावर उरलेलेही पळाले.

नाना मात्र जागेवर. त्यांनी खिशातून ठरावाची नक्कल काढून मांडीवर ठेवली.

"भाऊसाहेब," कुशाबा ट्रॅक्टरवर चढत म्हणाले, "माणसं तर गेली. मी बी निघतो. नंबर हुकला तर उद्या दुपारपातूर रस्त्यात उभं राहावं लागंल."

"कुशाबा, बॅटरी—"

त्यांनी ट्रॅक्टर चालू केला. आता हे नीट डोळ्यांपुढं आणा. बॅटरी ट्रॅक्टरमध्ये. बॅटरीतून निघालेली वायर मशीनमध्ये. मशीनमधून एक वायर माझ्या गिटारीत आणि एक छपरावरच्या भोंग्यात. ट्रॅक्टर हलला. गिटारीची पिन फटकन सुटली. भोंग्याची वायर तुटली. मशीन टेबलावरून निघालं, आणि ते जमिनीवर आपटायच्या आत अमृतनं झेप घालून ते छातीशी धरलं. पण बॅटरीची वायर काही सुटेना. मग गावानं पुढचं दृश्य पाहिलं: पुढं ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि शेजारून नवी टोपी घातलेला अमृत तान्ह्या बाळासारखं मशीन उराशी धरून पळतोय. "कुशाबाआआ!" पण इंजिनाच्या आवाजात कुशाबांना ते कौतुक वाटलं असावं. त्यांनी हात हलवला.

कुशाबांचे तिसरे आभार मी तूर्त राखून ठेवतो.

*

(कोरी ओळ मुद्दाम सोडली आहे. इथं मी दहा मिनिटं काहीही न करता बसलो होतो.)

*

रेशनचं दुकान रविवारी बंद असतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते दुकानासमोर उभं राहिल्यावर सगळ्यांना आठवलं. माणसं परत आली. रिकामे कॅन घेऊन, तणतणत. आधीची साठ, शिवाय जी मैफलीला कधी येत नव्हती तीही. शंभरावर गेली असतील. अंधार पडत होता. नानांनी गॅसबत्ती लावली.

"कुणी वाजावलं त्ये?"

"भाऊसाहेबानं."

"आभार मानत व्हतं का?"

"न्हाई रं, गिटार व्हती म्हनं."

"मंग व्हऊन जाऊंदे. आलोच हाओत तर ऐकून जाऊ." आणि माणसं कॅन पालथे घालून त्यांवर बसली.

ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, चला घरी."

मला उठता आलं असतं. पण शंभर माणसं बसली होती हो. मी पिन नसलेली गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. सात मिनिटांची धून, पहिल्यापासून. आवाज माझ्याच गुडघ्यापर्यंत पोचत होता की नाही शंका. पण मी मान घातली ती घातलीच. संघर्षनं सांगितलेली प्रत्येक जागा घेतली. धून संपली. मी वर बघितलं.

शंभर माणसं जागेवर. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मागून कुणीतरी विचारलं, "झालं का जुळवून?"

माणसं वाट बघत होती. सुरू झालेल्या कार्यक्रमातून माणूस उठतो, पण सुरूच न झालेल्या कार्यक्रमातून कसा उठणार? मी पुन्हा वाजवायला लागलो. पुन्हा सात मिनिटं. लोक कौतुकानं एकमेकांना सांगत होते की यंत्र नाजूक दिसतंय, जुळवायला वेळ लागतोय. एका म्हातारबाबांनी खोकला आला तर तोंडावर उपरणं धरलं. मी तिसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्या खेपेला तर मी डोळेही मिटले. एकवीस मिनिटं! माझ्या समोर माणसं एकवीस मिनिटं बसून होती, आणि एकही चप्पल हलली नव्हती.

आठला वीज आली. "आली!" म्हणून सभा उठली, कॅन उचलले आणि दोन मिनिटांत पटांगण रिकामं. टीव्हीची सुरावट गल्लीतून ऐकू यायला लागली. "आता लावा की करंटला," ही म्हणाली. पण ॲम्प्लिफायर एव्हाना पारगावच्या वाटेला होता, अमृतसकट.

भागुजी नानांनी गॅसबत्ती मालवली. ठरावाची नक्कल घडी घालून खिशात ठेवली. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता.

"भाऊसाहेब, तुमचं वाजवायचं राहूनच गेलं बघा. पर ठराव तो ठराव. पुढल्या महिन्यापास्नं तुमी आपलं..."

"आभार," मी म्हणालो.

"हां."

ते वाचनालयाला कुलूप लावायला गेले. मी गिटार पिशवीत घालायला वाकलो, तर ती कुठंतरी अडकली. सारजाबाईंचा गुडघा. त्या जागच्या हलल्याच नव्हत्या.

"सारजाबाई, मैफल संपली. घरी जायचं ना?"

"किती येळा त्येच त्येच वाजिवतो रं भगवंता," त्या म्हणाल्या. "तीन खेपा झाल्या. मला बी पाठ झालं."

मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"डोळं गेलंत माझं. कान न्हाई." त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "पर दुसऱ्या खेपंला मधी चुकलास तू."

ही हसायला लागली. मी नाही हसलो.

"कुठं?" मी विचारलं.

सारजाबाईंनी जरा आठवलं. मग दात नसलेल्या तोंडानं माझी धून गुणगुणायला लागल्या. संथ, जात्यावरच्या ओवीच्या हेलानं, पण माझीच. अर्ध्यावर आल्या, थांबल्या, आणि बोट वर केलं.

"हितं. हितं तू घाई केलीस. ती जागा वाजिव पुन्यांदा."

मी पिशवी बाजूला सारली. गिटार मांडीवर घेतली, कान तिच्या अंगाला टेकवला आणि ती जागा वाजवली.

"परत चुकलास," सारजाबाई म्हणाल्या.